उकिरडावाली

गिरणीवाल्या बाईला हळू बोलता येत नाही, हे आधीच सांगून ठेवते. पट्ट्याच्या घरघरीत जन्म गेला माझा. समोरच्याला ऐकू जावं म्हणून एकदा जो आवाज लावला, तो लावलाच. त्यामुळे मी साधं बोलले तरी लोकांना वाटतं, दिपमाला भांडतेय. आज मात्र मी खरोखरच रागावलेली आहे.

झालं असं, की मागच्या आठवड्यात पेपरात आमच्या गल्लीचा फोटो आला. जळगावच्या बारदान गल्लीतील नागरिकांनी श्रमदानातून कोपरा सुशोभित केला म्हणे. फोटोत कडक इस्त्रीची चार-सहा माणसं, हातात कोरे करकरीत झाडू, आणि झाडूंवरची प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा काढलेली नाही. त्यातलं एक माणूस आमच्या गल्लीचं असेल तर शपथ! कुठल्याशा मंडळाची ती मंडळी. आली, हसली, फोटो काढला, चहा पिऊन गेली. चहा माझ्याच गिरणीत प्यायली, म्हणून मला माहीत.

नागरिक म्हणे. अहो, कोण नागरिक? एक नाव लिहायला अशी किती शाई लागली असती? पुष्पाबाई म्हणतात तिला. जीवराम हमालाची पुष्पाबाई. पेपरवाल्यांनी नाही सांगितलं तर नाही, मी सांगते.

बारदान म्हणजे धान्याची रिकामी पोती. बाजारातली फाटकी पोती आमच्या गल्लीत येतात, इथल्या बाया ती शिवतात आणि पोती पुन्हा बाजाराला लागतात. पुष्पाबाई त्यातलीच. मांडीवर पोतं, हातात दाभण, दातात सुतळी, आणि तोंडाची टकळी चालूच. सुतळी दातात धरून इतकं स्पष्ट बोलणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. तिचं माहेर पारोळ्याकडचं, खेड्यातलं. शहरात येऊन म्हातारी व्हायला आली, पण बोली सोडली नाही. जीवरामभाऊ गेला तेव्हा पोरगी सारिका शाळेत होती. या बाईनं पोती शिवून तिला शिकवलं, धुळ्याला दिलं, लग्नही नीटनेटकं केलं. कुणापुढे तोंड वेंगाडलं नाही.

पण तिच्या घराची जागा वाईट. गल्लीच्या अगदी तोंडाशी घर, घरासमोर मोठा निंब, आणि निंबाखाली उकिरडा. मी लग्न होऊन आले तेव्हाही तो होता. आता घंटागाडी रोज सकाळी गाणं वाजवत येते, नाही असं नाही. पण गाणं वाजतं तेव्हा कुणाचे दात घासून व्हायचे असतात, कुणाची भाजी निवडून व्हायची असते. गाडी गेली की सगळ्यांना कचरा आठवतो. मग काय, निंबाखाली जागा आहेच. आमच्या गल्लीतला रुपचंद तर स्कूटर न थांबवता पिशवी भिरकावायचा. नेम असा की विचारू नका.

आणि मग ते नावच पडलं. रिक्षावाल्याला बारदान गल्ली सांगा, तो विचारणार, "उकिरड्यापाशी ना?" गॅसवाला, कुरिअरवाला, सगळ्यांच्या तोंडी तेच. एकदा कुणाच्या लग्नाची पत्रिका आली, तिच्यावर छापल्यासारखं सुबक अक्षर, 'पुष्पाबाई, उकिरड्यासमोर'. पुढे पुढे समोर-बिमोर गळून पडलं आणि बाईच उकिरडावाली झाली. "दळण कोणाचं आहे?" "उकिरडावालीचं." माझ्याच गिरणीत पोरं बोलायची. ती ऐकायची आणि दाभण घेऊन मागे लागायची. पोरं हसत पळायची. ती हसायची नाही.

मी एकदा म्हटलंही, "अक्का, जाऊ दे ना. नावात काय आहे?"

"तुले गिरनीवाली म्हनतस," ती म्हणाली. "तुनी गिरनी शे. मी काय उकिरडा घाला का?"

मी पट्टा चालू केला.

गोष्ट नुसत्या नावावर राहिली असती तर तीही निभली असती. पण गेल्या वर्षीची आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खानदेशात लेकींचा सण तो. सासरी कितीही मोठा वाडा असो, आखाजीला लेक माहेरी येणार, निंबाला झोका बांधणार, उन्हाची पर्वा न करता झोके घेणार. सारिका आली ती तान्हं लेकरू घेऊन. आणि तिसऱ्या दिवशी लेकराला जुलाब लागले ते थांबेनात. दवाखान्यात ठेवावं लागलं, सलाईन लागलं. पोर वाचलं, देवाची कृपा. पण सारिकाची सासू भागाबाई धुळ्याहून आली, नाकाला पदर लावून निंबाखाली उभी राहिली, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "या उकिरड्यात माझा नातू पुन्हा यायचा नाही. लेकीला भेटायचं असेल तर तुम्ही धुळ्याला या."

दाभणाच्या टोकासारखं जिचं तोंड, ती पुष्पाबाई उंबऱ्यात मान खाली घालून उभी. मला भागाबाईचा राग आला. पण खरं सांगू? तिचं काय चुकलं होतं? माझं नातवंड असतं तर मीही तेच म्हटलं असतं, आणि माझ्या आवाजात म्हटलं असतं.

वर्षभर सारिका आली नाही. श्रावणात कानबाईच्या सणाला नाही, दिवाळीला नाही. पुष्पाबाई एकदा धुळ्याला गेली, पाहुण्यासारखी खुर्चीत बसली, चहा पिऊन आली. संक्रांत झाली आणि एका रविवारी सकाळी मी गिरणीचं शटर उघडते तो काय, बाईनं पदर खोचलाय, डोक्याला फडकं बांधलंय, हातात फावडं, आणि निंबाखाली एकटी उपसा काढतेय.

"अक्का, डोकं फिरलं का? हा काय एका बाईचा खेळ आहे?"

"आखाजीले सारिका येई," ती म्हणाली. मान वर केली नाही. "माले झोका बांधना शे."

झालं. तिला झोका बांधायचा होता आणि त्यासाठी निंबाखालची जमीन शोधायची होती. इतका साधा हिशेब. मी हात कमरेवर ठेवून तिला शहाणपण शिकवलं, की अगं, आज काढशील, उद्या लोक पुन्हा टाकतील, तू मरशील. ती घमेलं भरत राहिली. शेवटी मलाच लाज वाटली. मी शटर पुन्हा खाली ओढलं आणि दुसरं फावडं शोधायला गेले. लोकांनी दळणाचे डबे तसेच ठेवून बोंब मारली, मारू दे.

पुढचे किती रविवार गेले, मी मोजले नाहीत. पाट्या रंगवणारा आमचा भूषण आला. तो आला मजा बघायला आणि अडकला. मग अजून दोघं-चौघं, कधी येणारे, कधी न येणारे. निंबाखालून काय काय निघालं! फुटके माठ, एका पायाच्या चपला, कुणाची तरी अख्खी गादी. रबराची एक बाहुली निघाली, ती पुष्पाबाईनं धुऊन खिडकीत ठेवली. घंटागाडीवाली पोरं चांगली, दर रविवारी जास्तीची खेप करून सगळं घेऊन जायची. त्यांना पुष्पाबाई गूळशेंगदाणे द्यायची.

पण लोकांचं काय? भूषणनं झकास पाटी रंगवली, 'येथे कचरा टाकू नये'. दुसऱ्या दिवशी पिशव्या बरोबर पाटीच्या बुडाशी. रुपचंद म्हणतो, "पाटीमुळे नेम सोपा झाला." मेला! मग कुणीतरी सुचवलं, भिंतीवर देवाच्या फरशा लावा, देवासमोर कोण टाकेल? लावल्या. पिशव्या थांबल्या, हे खरं. पण आठवड्याभरात तिथे काय सुरू झालं? ज्याच्या घरात फुटकी तसबीर, मोडका देव्हारा, वाळलेले हार, नारळाच्या शेंड्या, तो सगळं आणून देवासमोर ठेवू लागला, वर हात जोडून जाऊ लागला. कचरा टाकला तर हाकलता येतं, हात जोडणाऱ्याला काय म्हणणार? भूषणनं कपाळावर हात मारला. फरशा काढून देवळात नेऊन दिल्या.

शेवटी पुष्पाबाईनं आपलीच रीत काढली. तिनं पोतं शिवायचं काम घरातून उचललं आणि निंबाखाली आणलं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तिथेच बैठक. कुणी पिशवी घेऊन आला की ती दाभण थांबवायची आणि प्रेमानं विचारायची, "भाऊ, काय शे थैलीमा? दखू." झालं! स्वतःचा कचरा दुसऱ्याला उघडून दाखवायला किती जड जातं, तुम्हीच विचार करा. माणसं पिशवी पाठीमागे लपवायची आणि परत फिरायची. रुपचंदनं स्कूटरवरून टाकलेली पिशवी तिनं एकदा तशीच उचलून त्याच्या दारात नेली. "भाऊ, तुनी थैली पडनी व्हती रस्तामा." त्याची बायको तिच्या हातून पिशवी घेऊन 'थँक्यू' म्हणाली. त्या दिवसापासून रुपचंद सकाळी घंटागाडीच्या मागे पळताना दिसू लागला.

जागा मोकळी झाली. पुष्पाबाईनं जुन्या पोत्यांत माती भरली, तोंडं दुमडून शिवली आणि त्यांत झेंडू, सदाफुली, तुळस लावली. भूषणनं भिंतीवर झोक्यावर बसलेली मुलगी काढली. ती जरा पहिलवानासारखी झाली, पण रंग छान होते. आणि निंबाच्या मागे, भिंतीच्या आडोशाला, पुष्पाबाईनं एक खड्डा खणला. निंबाचा पाला, देवळातली फुलं, गल्लीतल्या गाईचं शेण, घरोघरची भाजीची देठं, असं सगळं त्यात. वरून माती, वरून पाणी.

"हा पुन्हा कशाला? एवढं काढलं ते कमी झालं?" मी विचारलं.

तेव्हा तिनं सांगितलं. तिच्या गावी प्रत्येकाच्या खळ्यामागे उकिरडा असायचा. शेण, पालापाचोळा, चुलीची राख. वर्षभर मुरायचा आणि पेरणीआधी शेतात जायचा. तिच्या बापाचा उकिरडा गावात सगळ्यांत उंच. जीवरामभाऊच्या घरचे तिला बघायला आले, तर मुलीआधी त्यांनी उकिरडा बघितला. एवढा मोठा उकिरडा म्हणजे गोठ्यात जनावरं भरपूर, म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी. सासऱ्यानं तिथेच मान डोलावली. दिवाळीला तिची आई पहिली पणती देवाला लावायची आणि दुसरी उकिरड्यावर.

"आनी आठे, या शहरमा?" ती फावड्यावर हात टेकून म्हणाली. "आठे तोच शब्द माले शिवी झाया, दिपा."

मी त्या रात्री बराच वेळ जागी होते. एकच शब्द. गावात त्यावर पोरगी पसंत होते आणि शहरात त्यावरून पोरगी तुटते. गावातलं जे सडायचं ते पीक होऊन परत यायचं. आमच्या पिशव्या सडतही नाहीत आणि परतही येत नाहीत, नुसत्या कुणाच्या तरी दारात बसून राहतात. आपण कचरा टाकतो म्हणतो, पण तो पडतो कुठे, कुणाच्या उंबऱ्याशी, हे बघायला मागे वळत नाही. मीही वळले नव्हते. असो.

आखाजी जवळ आली. पुष्पाबाईनं सुतळी वळून वळून मनगटाएवढा दोर केला. सारिकाचा फोन आला, सासू तयार झाली, पण एका अटीवर. आदल्या दिवशी ती स्वतः बरोबर येणार, जागा डोळ्यांनी बघणार, आणि पसंत पडली तरच लेकराला ठेवणार. नाहीतर आल्या रिक्षानं परत. पुष्पाबाईनं हे मला तीनदा सांगितलं. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, तळले, शेवया काढून ठेवल्या, लेकरासाठी पोत्याच्या कापडाचा बैल शिवला.

आता आमच्या गल्लीतल्या मारवाडी लोकांचं सांगते. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला सोहनलालशेठचं किराणा दुकान आणि वर घर. त्यांची बायको लाडकुंवर, तिला आम्ही सगळे मांजी म्हणतो. आखाजीचा मुहूर्त मोठा, तर त्यांच्या नातवाचं, अर्हमचं, लग्न त्याच दिवशी. घर पाहुण्यांनी भरलेलं, मांडव, लाइटिंग, आचारी.

आखाजीच्या दोन दिवस आधी पुष्पाबाई बाजारात गेली होती, बांगड्या आणायला, लेकीसाठी. ती बैठकीवरून उठली, तेवढ्यातच घात झाला. शेठच्या घरचा गडी आला आणि मोठी टोपली भरून कचरा निंबाखाली मधोमध ओतून गेला. मी गिरणीत होते, पट्टा चालू, मला दिसलं नाही. आणि एकदा ढीग दिसला म्हटल्यावर लोकांच्या हाताला काय, जुनी सवय! सकाळची गाडी चुकलेली घरं थोडी होती का? लग्नघराच्या पत्रावळी येऊन पडल्या, टरबुजाची सालं पडली, पिशव्या पडल्या. पुष्पाबाई परत आली तेव्हा ढीग तिच्या गुडघ्याएवढा, त्यावर दोन कुत्री, आणि झेंडूची दोन पोती आडवी.

ती मटकन खाली बसली. बांगड्यांचा पुडा मांडीवर.

"दिपा, परमदिन आखाजी. सकाळ ती येई वं. आते काय करू?" परवा आखाजी, आणि उद्याच विहीण दारात.

तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. जीवरामभाऊ गेला तेव्हाही ती माझ्यासमोर रडली नव्हती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुणी सुरुवात केली ते पोरांनी सांगितलं, आणि मी तिचा दंड धरून तिला सरळ मांजींच्या मांडवात नेलं. पाहुण्यांसमोर, आचाऱ्यांसमोर, मेंदी लावून बसलेल्या बायांसमोर मी तोंड सोडलं. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. गिरणी बंद असूनही पार चौकापर्यंत ऐकू गेलं म्हणतात.

मांजी बिचारी भांबावली. म्हातारी बाई, पाटावर बसून बिंदोरीची, म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीची, तयारी करत होती. म्हणाली, "अगं पुष्पा, मी कचरा नाही टाकला. मी पूजेची उकरडी मांडली."

"पूजेची काय?" मी ओरडले.

"उकरडी. आमच्यात बींद घोडीवर चढायच्या आदल्या दिवशी उकरडी पूजतो. बींद म्हणजे नवरदेव गं. अर्हमच्या बापानं याच निंबाखाली पूजली, काकानं याच निंबाखाली पूजली. तुझ्या दारात उकरडी कायमची, म्हणून मी निश्चिंत. काल कितीतरी दिवसांनी त्या टोकाला आले, बघते तर सगळं चकाचक! आता पूजा कुठे करू? म्हणून एक टोपली टाकायला सांगितली. एकच टोपली, देवाशपथ."

मांडवातल्यांना हसावं की रडावं कळेना. म्हणजे बघा, सगळं शहर म्हणतं कचरा काढा, आणि इथे एक म्हातारी घाबरली, की कचरा गेला कुठे!

"पण मांजी, उकिरड्याला नमस्कार कशाला?" मी विचारलं. आवाज थोडा खाली आला होता.

"ती सगळ्यांचं घेते," मांजी म्हणाली. "चांगलं, वाईट, सगळं. आणि एक शब्द बोलत नाही. संसार असाच करावा लागतो, हे बींदला कळलं पाहिजे. आणि ती कधी रिकामी होत नाही, वाढतच जाते. घर तसं वाढावं."

पुष्पाबाईनं पदरानं नाक पुसलं. "बठ्ठासनं मी लिधं, मांजी," ती म्हणाली, म्हणजे सगळ्यांचं मीच घेतलं. "सारं आयुष्य लिधं. आते मी बोलस." आणि मग तिनं बोलायला सुरुवात केली. लेकराचे जुलाब, विहिणीचं बोलणं, वर्षभर न आलेली लेक, सगळं. ओरडली नाही. पोतं शिवताना बोलते तसं, टाक्यामागून टाका. मांजी ऐकत राहिली. मेंदी लावलेल्या बायांनी हात हवेत तसेच धरलेले.

"तुमनी उकरडी प्लॅस्टिकनी व्हती का मारवाडमा?" पुष्पाबाईनं शेवटी विचारलं.

"नाही गं. शेणाची. पाचोळ्याची."

"मग चाला. मनापाशी खरी शे."

ती मांजींचा हात धरून निंबामागे घेऊन गेली. खड्ड्यावरची माती फावड्यानं बाजूला केली. आत एवढ्या दिवसांत मुरलेलं खत, काळंभोर, भुसभुशीत. मांजीनं मूठभर उचललं, नाकाजवळ नेलं आणि कितीतरी वेळ तसंच धरलं. "माझ्या माहेरच्या उकरडीला असाच वास होता," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. दोन म्हाताऱ्या खड्ड्याच्या काठावर बसून आपापल्या बापाच्या जनावरांबद्दल बोलू लागल्या. मी गिरणीवाली, माझ्या बापाकडे एक शेळी होती. मी आपली उभी.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मांजीनं अख्खं लग्नघर निंबाखाली उभं केलं. जिथून ढीग आला तिथल्या हातांनीच जाईल, असा हुकूम. पाहुणे, पोरं, सगळे. अर्हमच्या तोंडाला हळदीची पिवळीधमक पीठी फासलेली, आणि त्या अवतारात तो पत्रावळी उचलतोय. गल्लीतली माणसं दारात उभी राहून बघत होती. मी एकदाच खाकरले. पाच मिनिटांत प्रत्येकजण आपापली पिशवी ओळखून घेऊन गेला. रुपचंद म्हणाला माझी त्यात नाहीच, पण उचलून मात्र एक नेली. घंटागाडी आली, भरून गेली. पुष्पाबाईनं जमीन झाडली, शेणाचा सडा टाकला, झेंडूची पोती उभी केली. भूषणनं निंबाला झोका बांधला. आणि झोक्याच्या पलीकडे तिनं दोन घमेली खताचा छोटासा ढीग रचला, हातानं थापून गोल केला.

ऊन चढायच्या आत ढोल वाजवत बाया आल्या. लाल-पिवळ्या ओढण्या, हातात ताटं, मध्ये अर्हम. ढिगाला कुंकू, तांदूळ, गुळाचा खडा. आणि नेमकं त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. मी पाहिलं, पुष्पाबाईनंही पाहिलं. आत सारिका, मांडीवर लेकरू, आणि शेजारी भागाबाई. सवयीनं तिनं पदर नाकाला लावूनच ठेवला होता. रिक्षा बंद केलेली नव्हती. सामान पायाशी तसंच.

आता हिला काय दिसणार? वर्षभरानं आली, आणि समोर उकिरडा, त्याच्याभोवती ढोल!

अर्हमनं वाकून नमस्कार केला. मांजी उभी राहिली आणि इकडेतिकडे बघू लागली. त्यांच्यात म्हणे ज्याच्या दारातली उकरडी पूजली, त्या घरच्या बाईला टिळा लावून साडी-चोळी द्यायची असते. मांजीला वयामुळे कमी दिसतं. तिनं ढोल थांबवला आणि मोठ्यानं हाक मारली, "उकिरडावाली कुठाय? अगं, उकिरडावाली कोण?"

ज्या शब्दासाठी ही बाई दाभण घेऊन पोरांच्या मागे धावायची, तो शब्द मांजीनं भर पूजेत, भर गल्लीत उच्चारला होता. आणि तोही विहिणीसमोर! पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी पुष्पाबाईकडे बघितलं. ती निंबाला टेकून उभी होती, हात खतानं काळे. तिनं एकदा रिक्षाकडे पाहिलं. एकदा ढिगाकडे पाहिलं. मनात आणलं असतं तर ती घरात जाऊ शकत होती, कुणी काही म्हणालं नसतं.

तिनं लुगड्याला हात पुसले, डोक्यावरचा पदर नीट केला आणि पुढे आली.

"मी शे," ती म्हणाली, अगदी स्वच्छ, रिक्षापर्यंत ऐकू जाईल असं. "उकिरडावाली मीच शे."

जीवरामभाऊ नाही, हे मनातही न आणता मांजीनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं, हातात साडी-चोळी ठेवली. अर्हम तिच्या पायांशी वाकला, पीठी तिच्या पावलांना लागली. माझा आवाज कधी नव्हे तो बसला होता.

रिक्षात भागाबाईनं नाकावरचा पदर हळूच खाली घेतला. एकदा वास घेतला, पुन्हा एकदा घेतला. ती पण शेतकऱ्याचीच लेक. मग तोच पदर तिनं डोक्यावर ओढला, बसल्या जागेवरून ढिगाला हात जोडले आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "बंद कर रे बाबा. सामान उतरव."